पगाराबाहेरची कमाई आणि तिचा कर

“कंपनीनं दहा टक्के कापूनच पैसे दिलेत. मग आता आणखी कसला कर?”

नोकरी सांभाळून संध्याकाळी अनुवाद, डबिंग, वेबसाइटचं काम किंवा शनिवार-रविवारी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तर असं की कापलेले दहा टक्के हा तुमचा कर नव्हेच. सरकारनं तुमच्या नावावर आधीच घेऊन ठेवलेली ती आगाऊ रक्कम आहे. खरा कर वर्षाच्या शेवटी, पगार आणि बाहेरची कमाई एकत्र करून ठरतो. तो कधी दहा टक्क्यांहून जास्त निघतो, कधी शून्य निघतो, आणि एका विचित्र जागी तर बाहेरच्या कामातून मिळालेल्या पैशांपेक्षाही जास्त निघतो. त्या जागेबद्दल पुढे सविस्तर बोलू.

या प्रकरणातले आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण या वर्षाचा हिशेब जुन्याच कायद्यानं होतो, आणि सीएंच्या तोंडीही अजून जुनेच क्रमांक आहेत. म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

१. हे उत्पन्न बसतं कुठे?

आयकर कायदा तुमच्या कमाईची पाच खात्यांत वाटणी करतो: पगार, घरभाडं, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि ‘इतर’. फ्रीलान्सचे पैसे तिसऱ्या खात्यात, म्हणजे ‘धंदा किंवा व्यवसाय’ यात जातात. दुकान नाही, पाटी नाही, कामाला माणूस नाही, तरी कायद्याच्या लेखी तुम्ही व्यवसाय करता.

बहुतेक जण ही रक्कम ‘इतर’ मध्ये टाकून मोकळे होतात, कारण मग पगारदारांचा सोपा आयटीआर-१ फॉर्म चालतो. आयुष्यात एकदाच कुठे स्पर्धेचे परीक्षक म्हणून गेलात आणि मानधन मिळालं, तर ते ‘इतर’ मध्ये दाखवायला हरकत नाही. पण दर महिन्याला दोन कंपन्यांची कामं येत असतील तर तो व्यवसायच. दिवाळी अंकांच्या लेखनाचं मानधनही, दरवर्षी चार-पाच अंकांत लिहीत असाल तर, याच वाटेनं जातं. ‘मानधन’ म्हटल्यानं कर टळत नाही.

व्यवसायात मोडण्याचा फायदा म्हणजे कामासाठी केलेला खर्च वजा करता येतो. तोटा म्हणजे फॉर्म मोठा भरावा लागतो. आणखी एक अट आहे: व्यवसायात एखाद्या वर्षी नुकसान झालं तर ते पगारातून वजा होत नाही. पुढच्या वर्षांच्या व्यवसायातल्या नफ्यासाठी ते राखून ठेवावं लागतं.

२. डब्याचा वरचा कप्पा

ऑफिसला नेतो तो कप्प्यांचा डबा डोळ्यांसमोर आणा. नव्या करप्रणालीत पहिला, चार लाखांचा कप्पा करमुक्त आहे. चार ते आठ लाखांच्या कप्प्यावर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, सोळा ते वीसवर २०, वीस ते चोवीसवर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. एकूण करावर ४ टक्के सेस वेगळा.

पगार खालचे कप्पे आधीच भरून टाकतो. फ्रीलान्सची कमाई पडते ती वरच्या कप्प्यात, सर्वांत महाग दरानं. म्हणून महिना पंधरा हजारांच्या कमाईवर किती कर, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमचा पगार कुठपर्यंत पोचलाय, त्यावर ते ठरतं.

समजा एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार ९ लाख. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की उरले ८,२५,०००. अनुवादातून खर्च जाऊन तिला दीड लाख मिळाले. एकूण ९,७५,०००. नव्या प्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो. तिचा कर शून्य. प्रकाशकानं पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तिला परत मिळेल, पण रिटर्न भरला तरच.

आता एक इंजिनिअर घ्या. पगार १८ लाख, वजावटीनंतर १७,२५,०००. बाहेरच्या कामाचे २ लाख आले, खर्च ४० हजार झाला, नफा १,६०,०००. ही सगळी रक्कम वीस टक्क्यांच्या कप्प्यात पडते. कर ३२,०००, सेस १,२८०, एकूण ३३,२८०. ग्राहकानं २ लाखांवर दहा टक्क्यांनी २० हजार कापले होते. म्हणजे आणखी १३,२८० रुपये त्याच्याकडून येणं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

३. बारा लाखांची कड

वर म्हटलेली विचित्र जागा ही. बारा लाखांपर्यंत कर माफ, पण माफी ही पायरी आहे, उतार नाही. बारा लाखांच्या पुढे गेलात की साठ हजारांची माफी संपते आणि चार लाखांच्या वरचा सगळा कर जागा होतो.

समजा पगार १२,७५,००० आहे. वजावटीनंतर बरोबर १२ लाख. कर शून्य. या माणसानं रात्री जागून सबटायटल लिहिली आणि खर्च जाऊन ५० हजार कमावले. उत्पन्न झालं १२,५०,०००. कोष्टकानं कर येतो ६७,५००. इथे कायद्यानं थोडी दया दाखवलीय: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ५० हजारांवर थांबतो. पण त्यावर चार टक्के सेस लागतोच. एकूण ५२,०००. पन्नास हजार कमावले आणि बावन्न हजार भरले.

एक लाख कमावले असते तर? उत्पन्न १३ लाख, कर ७५ हजार, सेस धरून ७८ हजार. हातात राहिले २२ हजार. ही सवलत साधारण १२,७०,५०० च्या आसपास संपते, तिथून पुढच्या प्रत्येक रुपयावर मात्र नेहमीचे पंधरा टक्केच लागतात. म्हणजे या काठावर उभ्या असलेल्या माणसानं बाहेरचं काम घ्यायचं तर किरकोळ घेऊन फारसा उपयोग नाही. एकतर बऱ्यापैकी घ्यावं, नाहीतर करपात्र उत्पन्न खाली आणावं.

खाली आणायचा एक सरळ मार्ग आहे. नव्या प्रणालीत ८०सी वगैरे वजावटी मिळत नाहीत, पण मालकानं तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. मूळ पगार सहा लाख असेल तर ८४ हजार. एकूण पॅकेज तेवढंच ठेवून कंपनीला पगाराची ही फेररचना करायला सांगता येते. वरच्या उदाहरणातला माणूस मग १२,५०,००० वरून ११,६६,००० वर येतो आणि कर पुन्हा शून्य. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे खरं. पण बावन्न हजार कायमचे जाण्यापेक्षा चौऱ्याऐंशी हजार स्वतःच्याच नावावर अडकलेले बरे. फेररचना मात्र वर्ष संपायच्या आत व्हायला हवी. एप्रिलमध्ये सुचून उपयोग नाही.

४. टीडीएस कोण कापतं, कोण कापत नाही

एका कंपनीकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त व्यावसायिक फी आली तर कलम १९४जे खाली ती १० टक्के कापते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. ‘तांत्रिक सेवा’ असेल तर २ टक्के. काम कंत्राटाच्या स्वरूपाचं धरलं तर १९४सी खाली व्यक्तीसाठी १ टक्का. त्यामुळे एकाच फोटोग्राफरचा एक ग्राहक दहा टक्के कापतो आणि दुसरा एकच टक्का, असं दिसतं. पॅन दिला नाही तर मात्र सरळ २० टक्के.

क्लासला येणाऱ्या मुलांचे पालक किंवा लग्नघरचे यजमान टीडीएस कापत नाहीत, त्यांच्यावर तशी सक्तीही नाही. कापला नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ मात्र होत नाही. इन्स्टाग्रामवर जाहिरात करून मोबाइल भेट मिळाला तर तोही उत्पन्नच. अशा वस्तूंची वर्षाची किंमत २० हजारांच्या वर गेली तर जुलै २०२२ पासून कंपनीला त्यावर १० टक्के कर भरावा लागतो.

परदेशातल्या ग्राहकाचे पैसे इथे न कापता येतात आणि भारतात राहणाऱ्याला ते पूर्ण करपात्र असतात. यूट्यूबवाल्यांचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर गूगल तिथला कर कापतं. त्याचं श्रेय इथे घेता येतं, त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो.

कापलेला कर पोचला का, हे आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस या दोन तक्त्यांत पाहा. ग्राहकानं दर तिमाहीला फॉर्म १६ए द्यायला हवा. तो मागून घ्या. काही जण कापतात आणि भरतच नाहीत. कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं कायदा सांगतो. पण तो कापला होता हे दाखवायला बिल आणि बँकेचं स्टेटमेंट तुमच्याकडेच लागतं.

मार्च-एप्रिलचा एक गोंधळ दरवर्षी होतो. बिल मार्चमध्ये दिलं, पैसे मे महिन्यात आले. पण ग्राहकानं ते मार्चमध्येच आपल्या वहीत धरलं आणि टीडीएस कापला. तुम्ही पैसे हातात आल्यावर हिशेबात धरत असाल तर उत्पन्न पुढच्या वर्षात आणि टीडीएस या वर्षात, असं दिसतं. तेव्हा टीडीएसही पुढच्या वर्षी ओढता येतो, रिटर्नमध्ये तशी सोय आहे. हिशेबाची पद्धत मात्र एकदा धरली की दरवर्षी तीच ठेवा.

५. खर्च किती दाखवायचा?

नियम असा की खर्च पूर्णपणे त्या कामासाठीच झालेला हवा. माइक, डबिंगसाठी भाड्यानं घेतलेला स्टुडिओ, सॉफ्टवेअरचं वर्गणीशुल्क, कामासाठीचा प्रवास, झेरॉक्स, सीएची फी हे बिनदिक्कत. इंटरनेट आणि वीज घरातही वापरली जाते, म्हणून वाजवी हिस्सा. लॅपटॉप एकदम वजा होत नाही. वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि ३ ऑक्टोबरनंतर घेतला असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च अमान्य होतो.

नव्या करप्रणालीत काहीच वजा होत नाही, हा समज इतका पसरलाय की लोक हक्काचा खर्चही दाखवत नाहीत. बंद झाल्या त्या विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीच्या वजावटी. कमाईसाठी केलेला खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

बिलं सांभाळायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी कलम ४४एडीए आहे. काही ठरावीक व्यवसायांना २०१६-१७ पासून ही सोय मिळाली: एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा, खर्चाचा पुरावा कुणी मागणार नाही. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत हवी. रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. मघाच्या इंजिनिअरनं हे कलम वापरलं तर २ लाखांऐवजी १ लाख करपात्र. कर २०,८००, टीडीएस २०,००० आधीच गेलेला, द्यायचे राहिले फक्त ८०० रुपये. खरा खर्च चाळीस हजारच होता, तरी हे कायदेशीर आहे. सरकारनं दिलेली ही सूट न वापरणं मला तरी अनाकलनीय वाटतं.

अडचण यादीची आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुविशारद, सीए, कंपनी सेक्रेटरी, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञान आणि चित्रपट कलावंत असे व्यवसाय यादीत आहेत. ‘चित्रपट कलावंत’ यात गायक, गीतकार, संवादलेखक, संकलक, वेशभूषाकारही येतात. अनुवादक, क्लास घेणारे, पत्रकार मात्र यादीत नाहीत. संवादलेखकाला निम्मी जमा सोडून द्यायची आणि तेच संवाद मराठीत आणणाऱ्या अनुवादकाला बिलं जमवत बसायला लावायचं, यात कसलं तर्कशास्त्र आहे ते कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. काही सीए यादीबाहेरच्यांसाठी छोट्या धंद्यांचं ४४एडी हे कलम वापरतात. ते तुमच्या कामाला लागू पडतं का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

६. हप्त्यानं कर

पगारावरचा कर कंपनी दर महिन्याला कापते. बाहेरच्या कमाईसाठी ते काम तुम्हालाच करावं लागतं. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त राहणार असेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. हे आकडे एकूण भरण्याचे आहेत, प्रत्येक हप्त्याचे नाहीत. ४४एडीए वापरणाऱ्यांनी सगळं एकदम १५ मार्चपर्यंत भरलं तरी चालतं.

आपल्या इंजिनिअरनं नेहमीच्या पद्धतीनं हिशेब करून १३,२८० रुपये थेट जुलैत भरले तर दोन कलमांखाली मिळून साधारण बाराशे रुपये व्याज लागेल. दर महिना एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा. वर्षाच्या मध्ये पहिल्यांदाच काम सुरू झालं असेल तर आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, पण उरलेल्या हप्त्यांत भरपाई करायला हवी.

हप्त्यांची कटकट नको असेल तर एक जुनी सोय आहे, जी फार थोडे वापरतात. बाहेरचं उत्पन्न आपल्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी कळवा; ते त्यावरचा करही पगारातून कापतील. अर्थात, मग बाहेरचं काम कंपनीला कळणार. नेमणूकपत्रात त्याला मनाई आहे का, हे आधी वाचा. कंपनीला तुमचं २६एएस दिसत नाही, ही माहिती खरी आहे. पण त्या भरवशावर करार मोडायचा सल्ला मी देणार नाही.

७. फॉर्म, प्रणाली आणि एक सापळा

व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ बंद. नेहमीच्या हिशेबाला आयटीआर-३, आणि ४४एडीए वापरून एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. शेअर-म्युच्युअल फंडांत अल्पकालीन नफा असेल तर पुन्हा ३.

सापळा प्रणालीच्या निवडीत आहे. फक्त पगार असणारा माणूस दरवर्षी जुनी किंवा नवी प्रणाली निवडू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला जुन्या प्रणालीत जायला मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि तिथून नवीत परत यायची संधी एकदाच मिळते. ती वापरली की व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीकडे जाता येत नाही. गृहकर्ज मोठं आहे म्हणून जुनी प्रणाली वापरणाऱ्यांनी पहिलं फ्रीलान्स बिल देण्यापूर्वीच याचा विचार करावा.

मागची वर्षं दाखवायची राहिली असतील तर अपडेटेड रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतो. उशिराप्रमाणे कर आणि व्याजावर २५ ते ७० टक्के जादा द्यावे लागतात. महाग आहे, पण नोटिशीपेक्षा स्वस्त.

८. जीएसटी आणि व्यवसायकर

दोन्हीचं थोडक्यात. सेवांची वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात जीएसटी नोंदणी लागत नाही. या २० लाखांत पगार धरला जात नाही, बाहेरचंच उत्पन्न धरतात. व्यवसायकर महाराष्ट्रात पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जातो, म्हणजे वर्षाला २,५००. घटनेच्या २७६व्या कलमानं एका माणसाकडून घ्यायची कमाल मर्यादाही तेवढीच घातली आहे. त्यामुळे पगारातून पूर्ण कापला जात असेल तर वर आणखी भार येत नाही.

९. सीएकडे कधी जायचं?

बाहेरच्या कमाईसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. प्रत्येक बिलाला क्रमांक आणि तारीख द्या. आलेल्या रकमेतला चौथा हिस्सा, पगार वीस लाखांच्या पुढे असेल तर तिसरा, हात न लावता बाजूला ठेवा. एवढं केलंत तर हिशेबाचं अर्धं काम झालेलं असतं.

आणि सीएकडे जुलैत जाऊ नका. तोवर वर्ष संपलेलं असतं, एनपीएसचा मार्ग बंद झालेला असतो, व्याज लागून गेलेलं असतं, आणि त्यांच्या दारात रांग असते. डिसेंबरच्या हप्त्याआधी जा. फार तर फेब्रुवारीत.